कॉफी फॅक्टरी बघायला चिकमगळूर-कोडगू: कधी जावं, काय बघावं, काय विचारावं

घाटवळण (धागाकर्ता)

कूर्ग (म्हणजेच कोडगू)-चिकमगळूरच्या सहलीचे धागे इथे ढिगाने आहेत, पण धबधबे, होमस्टे आणि पंडी करी यांच्यापुढे ते क्वचितच जातात. कॉफी तयार होताना बघायची असेल तर बेत जरा निराळा आखावा लागतो, म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे खोडावं.

बुकिंग करण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. जाहिरातीत 'कॉफी फॅक्टरी टूर' असं लिहिलेलं असलं, तरी फळापासून पुडीपर्यंतचं सगळं काम सहसा एका छपराखाली होत नाही. एस्टेटवर पल्प हाऊस (फळाचं साल काढायची जागा) आणि वाळवणीचं यार्ड असतं. तिथून बाहेर पडतं ते पार्चमेंट, म्हणजे टरफलासकट वाळवलेली बी, किंवा अख्खं वाळवलेलं फळ, ज्याला तिकडे नुसतं 'चेरी' म्हणतात. टरफल काढणं आणि प्रतवारी हे क्युरिंग वर्क्सचं काम. ती चिकमगळूर, हासन, कुशालनगर, मंगळूर अशा ठिकाणी आहेत. भाजणी आणखी तिसरीकडे. काही एस्टेटवर छोटा रोस्टर असतो, पण तो बहुतेक पाहुण्यांसाठी आणि स्वतःच्या दुकानापुरता.

म्हणून फोनवर एवढं विचारा: त्या आठवड्यात पल्पर (साल काढणारं यंत्र) चालू असेल का, किती वाजता चालतो, आणि आत उभं राहून बघू देतात का. उत्तर गुळमुळीत आलं तर तो बागेतला फेरफटका आहे असं समजा. तोही छान असतो, पण फॅक्टरी नव्हे.

हंगाम: कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी अरेबिकाची तोडणी नोव्हेंबर ते जानेवारी, रोबस्टाची डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत. अरेबिका साधारण १००० ते १५०० मीटर उंचीवर, रोबस्टा ५०० ते १००० मीटरवर. त्यामुळे बाबाबुडनगिरी-मुळ्ळय्यनगिरीच्या उतारांवर अरेबिका जास्त दिसेल, कोडगूत रोबस्टा. दोन्ही एका फेरीत हवं असेल तर डिसेंबरचा शेवट ते जानेवारीचा मध्य धरा. पावसाळ्यात गेलात तर हिरवीगार झाडं, जळवा आणि बंद यंत्रं मिळतील. मार्च-एप्रिलमध्ये वळवाचा चांगला पाऊस झाला, म्हणजे २५ ते ४० मिलिमीटर, की आठ-दहा दिवसांनी अख्खा उतार पांढऱ्या फुलांनी भरतो. तो बहर तीन-चार दिवसांत उतरतो, त्यामुळे तारीख आधी ठरवून तो गाठता येत नाही.

आता सगळ्यांत जास्त फसगत होते ती घड्याळाची. बहुतेक टूर सकाळी १० वाजता. त्या वेळी पल्पर धुऊन पुसून ठेवलेला असतो. तोडणी दिवसभर चालते, दुपारी चारच्या सुमारास तोडलेल्या फळांचं माप होतं आणि पल्पिंग त्याच संध्याकाळी होतं, कारण ओलं फळ रात्रभर ढिगात राहिलं तर आतून तापतं आणि आपोआप आंबायला लागतं. तेव्हा संध्याकाळी ४ ते ८ पल्प हाऊस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुणी आणि यार्ड, असे दोन तुकडे मागून घ्या. मुक्काम त्याच एस्टेटवर असेल तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

---

तांबडी_माती

उत्तम धागा. पल्प हाऊसमध्ये नेमकं काय बघायचं ते लिहितो. गाइड 'इथे साल निघतं' एवढं सांगून पुढे चालू लागतो.

फळ आधी पाण्याच्या हौदात पडतं. भरलेली फळं बुडतात. पोकळ, किडलेली, झाडावरच सुकलेली वर तरंगतात. ती वेगळी काढून थेट वाळवायला जातात. हौदाच्या तळाशी सायफनची नळी असते, तिच्यातून बुडालेली फळं पाण्याबरोबर पल्परकडे ओढली जातात आणि खडे तळाला राहतात. पल्परमध्ये फिरती चकती किंवा ड्रम आणि त्याच्यासमोर पट्टी. दोघांमधल्या फटीतून फळ दाबलं जातं, बी एका बाजूला, साल दुसऱ्या बाजूला.

सगळी गोम त्या फटीत आहे. फट कमी ठेवली तर बी चिरते. चिरलेल्या बीत आंबवणीच्या वेळी जंतू शिरतात, ती काळी पडते आणि कपात घाण चव देते. फट जास्त झाली तर साल न निघालेली फळं पुढे जातात. शिवाय अरेबिका आणि रोबस्टाच्या फळांचा आकार सारखा नसतो, त्यामुळे वाण बदललं की फट पुन्हा लावावी लागते. पल्परच्या तोंडाशी पडणारं मूठभर पार्चमेंट मागून हातात घ्या. चिरलेले किती आणि साल चिकटलेले किती ते मोजा. त्या एका मुठीवरून एस्टेट कशी चालते ते कळतं.

हिरवी फळं किती आहेत तेही बघा. कच्च्या फळाचा गर घट्ट असतो, पल्परमध्ये ते नीट सोललं जात नाही. त्यातून सुटलेली बी पुढे भाजताना फिकट पिवळसरच राहते, चवीला शेंगदाण्याच्या सालासारखी. पिकलेलं फळ ओळखायची रीत अशी की दोन बोटांत दाबलं की बी सहज बाहेर उडी मारते.

---

साधा_चहा

माहिती चांगली आहे, पण एवढ्या लांब कशाला? आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफी आहे की. अमरावतीहून दोन-अडीच तास.

---

घाटवळण

आहे, आणि झाड, फळ, सावलीची झाडं एवढं बघायचं असेल तर जरूर जा. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास आहे, अरेबिकाला उंची पुरेशी. पण कॉफी फॅक्टरी चालवायला रोज काही टन फळ आत यावं लागतं, आणि आजूबाजूला क्युरिंगची, लिलावाची, खरेदीदारांची साखळी लागते. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात होते, त्यातही सर्वांत जास्त कोडगूत. ही साखळी तिथेच आहे.

पुण्या-मिरजेकडून रेल्वेने जाणाऱ्यांना हुबळीमार्गे बेंगळुरूच्या गाड्यांनी बिरूर किंवा कडूरला उतरता येतं. कडूरहून चिकमगळूर सुमारे ४० किलोमीटर.

---

रानजाई

तांबडी_माती, आंबवणीबद्दलही लिहा ना. सगळ्या टूरमध्ये 'बारा तास' की 'दोन दिवस' यावर गाइडचं एकमत नसतं.

---

तांबडी_माती

रानजाई ताई, एकमत होणारच नाही, कारण ते हवेवर आहे. साल निघाल्यावर पार्चमेंटवर बुळबुळीत चिकट थर उरतो. तो पाण्याने धुऊन निघत नाही. टाकीत ठेवून आंबवला की जंतू आणि विकरं तो सैल करतात. अरेबिकाला साधारण २४ ते ३६ तास. डिसेंबरच्या थंडीत, उंचावर, त्याहून जास्त. रोबस्टाचा थर जाड असतो, नुसत्या आंबवणीने तीन दिवसही लागतात.

झालं की नाही हे घड्याळावरून ठरवत नाहीत. मूठभर काढून पाण्यात चोळतात. बुळबुळ गेली आणि खरखरीत खड्यांसारखं लागलं, की झालं. दुसरी रीत म्हणजे ढिगात काठी खुपसून काढायची. भोक तसंच राहिलं तर तयार, बुजलं तर थांबा. कमी आंबवलं तर चिकटा राहतो, यार्डावर पार्चमेंटचे गोळे होतात आणि बुरशी धरते. जास्त झालं तर आंबट, आणि एखादी सडलेली बी अख्ख्या कपाचा वास बिघडवते. टाक्या रोज घासून धुतात ना ते बघा. कालच्या दोन-चार बिया कोपऱ्यात राहिल्या तर आजचा घाणा नासतो.

---

डिकॉक्शन

थोडी दुरुस्ती. आता बऱ्याच एस्टेटवर आंबवणीच्या टाक्या रिकाम्या दिसतील. पल्परला जोडूनच यांत्रिक वॉशर असतो. उभ्या नळकांड्यात पार्चमेंट एकमेकांवर घासून चिकटा तिथल्या तिथे निघतो. रोबस्टासाठी तर तेच सोयीचं. पाणी खूपच कमी लागतं, वेळ वाचतो. पण घर्षण जास्त झालं तर पार्चमेंट सोलवटतं आणि मग यार्डावर उघडी बी एका बाजूने वाळते, पांढरे डाग पडतात.

टूरवर कुणी न विचारणारा पण महत्त्वाचा प्रश्न म्हणजे हे पाणी कुठे जातं? पल्पिंगचं पाणी साखरेचं आणि आम्लधर्मी असतं. ओढ्यात सोडलं तर पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. नीट चालणाऱ्या एस्टेटवर त्यात चुना घालून आम्लता मारतात, मग ओळीने खड्ड्यांत मुरवतात किंवा टाकीत त्यापासून गॅस तयार करतात. ते खड्डे दाखवा म्हणावं. आनंदाने दाखवणारा मालक भेटला तर त्याची कॉफी विकत घ्यावी.

---

घाटवळण

दुरुस्ती मान्य. यांत्रिक वॉशरनंतरही काही जण एक रात्र स्वच्छ पाण्यात भिजत ठेवतात, रंग आणि चव उजळते म्हणून.

यार्डाबद्दल: ओल्या पार्चमेंटमध्ये निम्म्याहून जास्त पाणी असतं, ते १० टक्क्यांवर आणायचं असतं. थर ४ ते १० सेंटिमीटर, दर तासाला किमान एकदा फावड्याने फिरवणं, ७ ते १० दिवस. अख्खी चेरी १२ ते १५ दिवस घेते. पहिल्या एक-दोन दिवसांत दुपारचं कडक ऊन लागलं तर टरफल तडकतं, म्हणून भर दुपारी झाकतात. रात्री दवासाठी झाकतातच. उघड्या मातीवर वाळत घातलेलं दिसलं तर ती कॉफी घेऊ नका. मातकट वास येतोच, बुरशीचं विषही तयार होऊ शकतं. सिमेंटचं यार्ड ठीक. जाळीची उंच टेबलं त्याहून चांगली, खालून वारा लागतो.

जानेवारीतल्या अवकाळी पावसाची एक सर आली की सगळी माणसं ताडपत्र्या घेऊन धावतात. त्या वेळी पाहुण्यांनी फोटो काढत मध्ये उभं राहू नये, एवढंच.

---

अर्धा_कप

क्युरिंग वर्क्स बघायला मिळतं का? मला प्रतवारीत जास्त रस आहे. 'एए' म्हणजे सर्वांत चविष्ट असं दुकानदार सांगतात.

---

तांबडी_माती

दुकानदार चुकीचं सांगतात. एए हा आकार आहे. प्लँटेशन एए म्हणजे ७.१० मिलिमीटर भोकांच्या चाळणीवर राहणारी बी, ए ६.६५, बी ६.०० आणि सी ५.५०. एकाच झाडाच्या एए आणि बी यांत चवीचा मोठा फरक असेलच असं नाही. फायदा भाजणाऱ्याला होतो, एकाच आकाराची बी एकसारखी भाजते. पीबी म्हणजे पीबेरी, फळात दोनऐवजी एकच गोल बी धरलेली. दहा-पंधरा टक्के फळांत असं होतं. लांबट भोकांच्या चाळणीतून ती वेगळी काढतात. 'प्लँटेशन' म्हणजे पल्प करून धुतलेली अरेबिका. अख्खी वाळवलेली असेल तर 'अरेबिका चेरी'. धुतलेल्या रोबस्टाला 'रोबस्टा पार्चमेंट' म्हणतात, आणि त्यातली निवडक मोठी बी 'कापी रॉयल' म्हणून जाते.

क्युरिंग वर्क्स म्हणजे मोठा कारखाना. फुकट फिरवत नाहीत, आधी लेखी परवानगी लागते. माल एस्टेटवरून आल्यानंतर, म्हणजे जानेवारीपासून पुढे, काम जोरात. क्रम असा: खडे-लोखंड काढणं, टरफल सोलणं, पॉलिश, चाळण्या, मग कंप पावणारं तिरकं टेबल. त्यावर खालून हवा सोडलेली असते, जड बी वर चढते आणि हलकी, कीड लागलेली खाली घसरते. पुढे रंग ओळखणारं यंत्र, जे काळी बी हवेच्या झोताने उडवतं. शेवटी बायका पट्ट्यावर बसून हाताने निवडतात. सोलण्याचं यंत्र तापलं तर बी पांढुरकी पडते. माल ओला आला तर बी चपटी होते. म्हणून दारातच ओलावा मोजतात.

५० किलो पार्चमेंटमधून साधारण ४० किलो स्वच्छ कॉफी निघते, ५० किलो चेरीतून २५ ते २८. तिकडे 'ओटी किती' असं विचारतात ते हेच, आणि चेरीचा भाव त्यावरच ठरतो.

---

साधा_चहा

म्हणजे एक किलो पुडीला किती फळं लागतात?

---

तांबडी_माती

अरेबिकाची साधारण ६ किलो ओली फळं, मग १ किलो हिरवी बी. भाजताना १५ ते १८ टक्के वजन जातं. म्हणजे हातात ८२० ते ८५० ग्रॅम. रोबस्टाला फळं थोडी कमी लागतात. एस्टेटवरच्या दुकानात भाव बघून नाक मुरडण्याआधी हा हिशोब करावा.

---

डिकॉक्शन

भाजणीबद्दल, कारण टूरचा शेवट तिथेच होतो आणि फोटोही तिथेच काढले जातात.

ड्रम आधी तापवतात, १९०-२०० अंशांच्या आसपास माल टाकतात. तापमापी झपकन खाली येते, दीड-दोन मिनिटांनी वळते. बी हिरव्याची पिवळी होते तेव्हा भाजलेल्या गवतासारखा वास, मग पावासारखा. १९६ ते २०५ अंशांदरम्यान पहिला तडका, मक्याच्या लाहीसारखा स्पष्ट आवाज. इथून पुढे भाजणारा माणूस तुमच्याशी बोलणार नाही आणि तुम्हीही बोलू नका, कारण अर्ध्या मिनिटात चव बदलते. २२५ च्या सुमारास दुसरा तडका, बारीक चरचर, आणि तेल वर येतं. फिल्टर कॉफीसाठी बरेच जण दुसऱ्या तडक्याच्या तोंडाशी काढतात.

बिघडतं कुठे? ड्रम फार तापवून माल टाकला तर बीच्या सपाट बाजूला जळके ठिपके. आच मंद ठेवून रेंगाळवली तर चव सपक, पुठ्ठ्यासारखी. काढल्यावर चार-पाच मिनिटांत थंड झाली नाही तर आतल्या उष्णतेने भाजत राहते. बारीक चंदेरी साल उडून सायक्लोनमध्ये (ते गोळा करणाऱ्या डब्यात) साठतं, ते वेळच्या वेळी काढलं नाही तर पेटतं. म्हणून रोस्टरच्या धुराड्याजवळ अग्निशामक आहे ना हेही बघा.

भाजल्या भाजल्या करून दिलेला कप 'एकदम ताजा' म्हणून देतात. तो चांगला लागत नाही. बीतून कर्बवायू बाहेर पडत असतो, पाणी नीट आत शिरत नाही. चार-पाच दिवसांनी तीच कॉफी चवीला खुलते.

---

रानजाई

चिकोरी? सगळीकडे '१०० टक्के शुद्ध' अशा पाट्या असतात.

---

डिकॉक्शन

चिकोरी म्हणजे भेसळ नव्हे. कायद्याने कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचं प्रमाण पुडीवर छापायला हवं. छापलं नसेल तर फसवणूक. ती वनस्पती त्या डोंगरांवर होत नाही. गुजरात आणि उत्तर प्रदेशात तिची मुळं पिकतात, त्यामुळे एस्टेट टूरमध्ये ती दिसणार नाही.

घरी तपासायला: काचेच्या पेल्यात थंड पाणी, वर चिमूटभर पूड, ढवळायचं नाही. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी लगेच खाली जाते आणि मागे तपकिरी धागे सोडते.

---

अर्धा_कप

चव घेण्याच्या सत्राला 'कपिंग' म्हणून जादा पैसे घेतात. घ्यावं का?

---

घाटवळण

एकाच भाजणीच्या दोन-तीन वेगळ्या कॉफ्या शेजारी शेजारी देणार असतील तर घ्या. एकच कॉफी वेगवेगळ्या कपांत असेल तर नको. प्रमाण ठरलेलं: १५० मिली पाण्याला ८.२५ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, पाणी ९३ अंशांच्या आसपास, चार मिनिटं. मग वर आलेला थर चमच्याने मोडून वास घ्यायचा, फेस काढायचा, थोडं निवलं की मोठ्याने भुरका मारायचा. भुरक्याची लाज बाळगू नये. अत्तर लावून जाऊ नका, आणि आधी कांदा-लसूण नको.

धुतलेली अरेबिका, तीच अख्खी वाळवलेली आणि धुतलेली रोबस्टा अशी तीन मागा. प्रक्रियेचा फरक त्यात जिभेवर कळतो. मॉन्सून्ड मलबार मिळाली तर चौथी. ती डोंगरावर होत नाही, किनाऱ्यावरच्या गोदामांत जून ते सप्टेंबर पावसाळी वाऱ्यावर पसरून फुगवतात. बी पिवळट, मोठी, आंबटपणा जवळजवळ शून्य.

---

साधा_चहा

आमचा वीस-बावीस जणांचा कृषी महाविद्यालयाचा गट आहे. काही वेगळं करावं लागेल का?

---

तांबडी_माती

गट असेल तर बाळेहोन्नूरचं केंद्रीय कॉफी संशोधन केंद्र नक्की यादीत घ्या, १९२५ पासूनचं, आता कॉफी बोर्डाच्या अखत्यारीत. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर आधी पत्र पाठवा. वाणं, पांढरा खोडकिडा, तांबेरा यांवरचं काम तिथे बघायला मिळतं. विद्यार्थ्यांना एस.७९५ आणि चंद्रगिरी या अरेबिकाच्या दोन वाणांची झाडं शेजारी उभं राहून ओळखायला लावा. चंद्रगिरी ठेंगणी आणि दाट. चिकमगळूर गावात कॉफी बोर्डाचं 'कॉफी यात्रा' संग्रहालय आहे. पहिल्या दिवशी ते केलं तर एस्टेटवर प्रश्न नेमके विचारता येतात. निघण्याआधी उघडं आहे का ते विचारून घ्या.

पल्प हाऊस लहान असतं. सात-आठ जणांच्या तुकड्या करा, आवाजामुळे मागच्यांना काही ऐकू येत नाही. ओढण्या, मफलर, मोकळे केस बांधलेले हवेत, यंत्रांचे पट्टे उघडे असतात. फरशी चिकट आणि ओली, चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. सकलेशपूर आणि कोडगूच्या बाजूला एस्टेटमध्ये हत्ती येतात, त्यामुळे पहाटे किंवा अंधार पडल्यावर रायटरला (तिकडच्या देखरेख करणाऱ्याला) विचारल्याशिवाय झाडांमध्ये शिरायचं नाही. तोडणीचे पैसे किलोवर मिळतात, तेव्हा माप चालू असताना रांगेत घुसून प्रश्न विचारू नयेत. माप संपल्यावर विचारा, लोक निवांत बोलतात. आणि यार्डावर पसरलेल्या पार्चमेंटवरून बूट घालून जायचं नाही, कडेने जा.